खाऱ्या तळ्याचा धडा

लोणारच्या सरोवराकडे उतरताना आधी गोड पाणी भेटते. काठावरच्या जुन्या देवळांजवळ दगडी गोमुखातून पाण्याची धार पडत असते. उन्हाळ्यातही ती सहसा तुटत नाही. यात्रेकरू तिच्याखाली अंघोळ करतात, पोरे ओंजळ धरून पाणी पितात. मग झाडीतून पायवाट खाली उतरते आणि साधारण दीडशे मीटर खोल गेल्यावर तळे समोर येते. त्या तळ्याचे पाणी ओठांना लावून पाहा. खारट, तुरट आणि बोटांना साबणासारखे बुळबुळीत. वरून गोड पाणी येते, खाली खारे तळे साचते. लहानपणापासून हे कोडे मला पडलेले आहे.

कोड्याचे उत्तर तसे सोपे आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या या वाडग्याला आत यायला वाटा आहेत, बाहेर जायला एकही नाही. उल्का आदळून बेसॉल्टच्या काळ्या खडकात हे विवर झाले. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी त्या खडकांना झिजवत येते आणि येताना क्षारांचा अगदी बारीक अंश घेऊन येते. जिभेला तो कळतही नाही. पण ऊन पाणी उचलून नेते आणि क्षार मागे ठेवते. थेंबे थेंबे तळे साचते म्हणतात; इथे कणाकणाने खार साचला. पाणी तेच, क्षारही तेच. बदलले ते फक्त प्रमाण. आणि प्रमाण बदलले की सगळेच बदलते, हे मला आज सांगायचे आहे.

मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. बी.ए. झालो, आयुष्य कवितेत गेले. पण शाळेतला एक प्रयोग अजून डोळ्यांसमोर आहे. गुरुजींनी दोन परीक्षानळ्या घेतल्या. दोन्हींत शहाबादी फरशीचे सारख्याच आकाराचे तुकडे टाकले. एकीत आम्ल जसेच्या तसे ओतले, दुसरीत भरपूर पाणी घातलेले. पहिल्या नळीत बुडबुड्यांची झुंबड उडाली. दुसरीत एकेक बुडबुडा जणू विचार करून वर येत होता. गुरुजी म्हणाले, “दोन्हीकडे वस्तू त्याच आहेत. मग घाई एकीकडेच का?” या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात एका ओळीत होते: अभिक्रियाकारकांची संहती वाढली की अभिक्रियेचा दर वाढतो. संहती म्हणजे ठरावीक जागेत एखादा पदार्थ किती दाटीने आहे, ते माप. ओळ पाठ केली, गुण मिळाले. त्या एका ओळीसाठी माणसाला किती पायपीट करावी लागली आणि त्या पायपिटीचा एक टप्पा आपल्या लोणारच्याच एका दूरच्या भावंडाकाठी होता, हे मात्र कितीतरी वर्षांनी कळले.

त्या भावंडाकडे जाण्याआधी लोणारचा जुना संसार पाहू. अकबर बादशहाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना त्याने मेहकरजवळच्या लोणारचा उल्लेख केला आहे. हे स्थान पवित्र मानले जाते, इथे मोठा जलाशय आहे, काच आणि साबण करायला लागणारी सामग्री इथे मिळते आणि त्यातून सरकारला चांगले उत्पन्न होते, अशा आशयाची ती नोंद आहे. तिकडे दिल्ली-आग्र्याला बसलेल्या दरबाराला बुलढाण्याच्या या खड्ड्याची दखल घ्यावी लागली, ती या खारामुळे.

इथे मला शब्दांचा मोह आवरत नाही. क्षारधर्मी पदार्थाला आपण विज्ञानात ‘अल्कली’ म्हणतो. हा शब्द अरबी ‘अल्-कली’वरून आला, खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख असा त्याचा अर्थ. आपला ‘साबण’ अरबी ‘साबून’चा भाऊबंद. आणि सोडियमची जी ‘एन-ए’ ही खूण मुले पाठ करतात, ती ‘नेट्रियम’ची; त्याचे मूळ इजिप्तच्या ‘नॅट्रॉन’मध्ये, म्हणजे तळ्याकाठी मिळणाऱ्या नैसर्गिक सोड्यात. अरबीत त्यालाच ‘नत्रून’ म्हणतात. रसायनशास्त्राची ही अर्धी शब्दसंपदा खाऱ्या तळ्यांच्या काठी जन्मली आहे.

लोणारच्या लोकांचे आपलेही शब्द होते. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी खारांच्या प्रकारांची नावे जुन्या सरकारी नोंदींत सापडतात. एकाच तळ्यातून इतके प्रकार का निघावेत? कारण क्षार काही एकदम बाहेर पडत नाहीत. पाणी आटू लागले की ज्या क्षाराला पाण्यात राहायला जागा अपुरी पडते, तो आधी खाली बसतो. दुसरा आणखी आटल्यावर. पावसाळ्यात तळे भरले की खार पुन्हा विरघळतो. वैशाखात पाणी मागे सरकले की काठाच्या चिखलावर पांढरी साय धरते. खार गोळा करणाऱ्यांचा हंगाम तोच. त्यांनी संहती हा शब्द ऐकला नव्हता. कधी उतरायचे आणि कधी थांबायचे, हे त्यांना पाण्याच्या चवीवरून आणि काठाच्या रंगावरून कळत असणार.

साबण करणाऱ्याचे ज्ञान तर त्याहून बारीक. तळ्याच्या खारातला सोडा चरबीला किंवा तेलाला सहजी साबण बनवत नाही; त्यासाठी तो तिखट करावा लागतो. जुनी रीत अशी की सोड्याच्या पाण्यात विरवलेला चुना घालायचा. चुन्याचा खडू होऊन तळाशी बसतो आणि वर दाहक क्षाराचे पाणी उरते. यात एक मेख आहे. सोड्याचे पाणी फार दाट घेतले तर हा बदल अर्धवट राहतो. पातळ घेतले तर तो जास्त पुरा होतो. म्हणून ते आधी पातळ ठेवायचे आणि काम झाल्यावर उकळून दाट करायचे. कारण पुढचे काम उलट. पातळ क्षारपाण्यात तेल नुसते तरंगत राहते, साबण धरायला फार वेळ लागतो. दाट पाण्यात तो लवकर धरतो. म्हणजे एकाच कढईत आधी पातळपणा हवा, नंतर दाटपणा. देशोदेशीच्या साबणवाल्यांनी हे हाताने साधले होते. त्यामागचा नियम मात्र कुणी सांगितलेला नव्हता.

आता आपण इजिप्तला जाऊ. 1798 साली नेपोलियन फौज घेऊन इजिप्तमध्ये उतरला, तेव्हा त्याने सोबत विद्वानांचा तांडाही नेला. त्यात क्लोद लुई बर्थोले हा नामांकित रसायनशास्त्रज्ञ होता. काच, साबण, कापडाची धुलाई, सगळ्यांना सोडा लागे आणि फ्रान्सला त्याची मोठी चणचण होती. त्यामुळे कैरोच्या वायव्येला वाळवंटात असलेल्या नत्रूनच्या दरीकडे त्याचे लक्ष गेले नसते तरच नवल. 1799 च्या प्रारंभी तो तिथे पोचला. समोर उथळ खारी तळी, काठावर पांढऱ्या सोड्याचा थर, आजूबाजूला चुनखडी. लोणारच्या माणसाला ते दृश्य ओळखीचे वाटले असते.

बर्थोले मात्र चक्रावला. त्याच्या काळचे रसायनशास्त्र असे मानत असे की पदार्थांना एकमेकांची ओढ असते आणि ती ओढ ठरलेली असते. ‘अ’ला ‘ब’पेक्षा ‘क’ जास्त प्रिय असेल तर तो नेहमी ‘क’कडेच जाणार. आवडीनिवडींचे तक्तेच तयार केलेले होते. त्या तक्त्यांप्रमाणे प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केले की चुनखडी आणि मीठ तयार होते. इथे तळ्याकाठी उलटेच घडताना त्याला दिसले: मीठ आणि चुनखडी यांपासून सोडा बनत होता. निसर्ग तक्ता वाचायला विसरला होता काय?

बर्थोलेने त्याचा अर्थ लावला. इथे चुनखडी अमाप आहे, मीठ अमाप आहे. तयार होणारा सोडा काठावर बाजूला पडतो, दुसरा पदार्थ जमिनीत मुरून जातो. ओढ कमी असली तरी एका बाजूची संख्या इतकी प्रचंड आहे की अभिक्रिया उलटी वाहू लागते. तेव्हा पदार्थ कोणते आहेत एवढ्यावर निकाल लागत नाही. ते किती आहेत, हेही मोजावे लागते. कैरोतच स्थापन झालेल्या विद्वत्सभेपुढे त्याने हा विचार मांडला आणि 1803 च्या आपल्या मोठ्या ग्रंथात तो विस्ताराने लिहिला. त्या तळ्यांतला सोडा नेमका कसा होतो याची स्पष्टीकरणे पुढे बदलली. सूक्ष्मजीवांचाही त्यात हात असल्याचे आता मानतात. पण त्या काठावर सुचलेला विचार टिकला.

तो लगेच टिकला नाही, ही गोष्टही सांगायला हवी. बर्थोले एक पाऊल जास्त पुढे गेला. प्रमाण इतके महत्त्वाचे असेल, तर तयार होणाऱ्या संयुगाची घडणही प्रमाणाप्रमाणे बदलत असणार, असे तो म्हणू लागला. जोसेफ प्रूस्त याने त्याला विरोध केला आणि दाखवून दिले की संयुगातले घटक ठरलेल्याच प्रमाणात असतात. या वादात प्रूस्त बरोबर ठरला. लोकांनी बर्थोलेच्या चुकीबरोबर त्याचे खरे म्हणणेही गुंडाळून ठेवले. एका चुकलेल्या ओळीसाठी सगळी कविता फाडावी, तसे झाले. पुढची पन्नास-साठ वर्षे तो विचार मागे पडला.

1850 साली जर्मनीत लुडविग विल्हेल्मी याने साखरेवर प्रयोग केला. उसाच्या साखरेच्या पाण्यात आम्ल घातले की साखर हळूहळू दोन साध्या शर्करांत मोडते. साखरेच्या पाण्यातून गेलेला विशिष्ट प्रकाश एका बाजूला वळतो. साखर मोडत जाते तसा तो वळणे बदलत जातो. म्हणजे द्रावणाला हात न लावता, बाहेरून नुसते पाहून आत किती साखर उरली हे कळते. विल्हेल्मी घड्याळ घेऊन बसला. त्याला दिसले की कोणत्याही क्षणी साखर मोडण्याचा वेग, त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. साखर निम्मी उरली की वेगही निम्मा. रसायनातला बदल काळाच्या गणितात बसवण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. त्याच्याकडेही कित्येक वर्षे कुणी फारसे पाहिले नाही.

मग नॉर्वेतल्या दोघांची पाळी आली. काटो गुल्डबर्ग हा गणिती आणि पीटर वागे हा रसायनशास्त्रज्ञ. नात्याने दोघे साडू. मार्च 1864 मध्ये त्यांनी आपला नियम नॉर्वेच्या विद्वत्सभेपुढे मांडला. लेख नॉर्वेच्या भाषेत, त्यामुळे बाहेर वाचणार कोण? 1867 मध्ये त्यांनी तो फ्रेंचमध्ये, 1879 मध्ये जर्मनमध्ये काढला, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. आपल्या भाषेत लिहिणाऱ्या माणसाला या उशिराची कळ समजते.

त्यांनी बर्थोलेच्या विचाराला एक लहानशी पण मोलाची दुरुस्ती केली. बर्थोले म्हणाला होता, पदार्थ किती आहे ते पाहा. या दोघांनी म्हटले, किती जागेत किती आहे ते पाहा. मूठभर मीठ पेल्यात टाकले आणि तेच मूठभर मीठ विहिरीत टाकले, तर मीठ तेवढेच. पण पेल्यातले पाणी पिववणार नाही आणि विहिरीला पत्ताही लागणार नाही. अभिक्रिया मूठ पाहत नाही, दाटी पाहते.

का, ते समजायला आठवडी बाजार पुरे. बाजाराच्या दिवशी गल्लीत माणसे दाटलेली असतात, पावलागणिक कुणाचा तरी धक्का लागतो. प्रत्येक धक्क्यातून सौदा होत नाही, पण धक्के जितके जास्त तितके सौदेही जास्त. तीच माणसे दहा एकराच्या माळावर पसरून द्या. दिवस मावळेपर्यंत दोन ओळखीचे लोक भेटायचे नाहीत. द्रावणातले कण असेच सतत फिरत असतात. अभिक्रिया व्हायची तर त्यांना एकमेकांवर पुरेशा जोराने आदळावे लागते. एकाची दाटी दुप्पट केली तर टकरी साधारण दुप्पट. दोघांचीही दुप्पट केली तर चौपट. पाणी घालून दोघांचीही दाटी निम्मी केली तर टकरी चौथाईवर येतात. काही अभिक्रिया या साध्या हिशेबाला जुमानत नाहीत, कारण त्या अनेक पायऱ्यांनी होतात आणि सगळ्यांत मंद पायरी वेग ठरवते. काहींमध्ये एखाद्या पदार्थाची दाटी वाढवूनही फरक पडत नाही. म्हणून प्रत्येक अभिक्रियेचा हिशेब प्रयोगाने तपासावा लागतो. पुढे व्हान्ट हॉफ या डच शास्त्रज्ञाने 1884 च्या ग्रंथात या साऱ्याला शिस्त लावली. 1901 मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यालाच मिळाले.

इकडे लोणारला काय चालले होते? 1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. साहेब लोक विवराकडे आधीपासूनच येत होते. 1823 साली जे. ई. अलेक्झांडर याने त्याचे वर्णन केले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि क्रिस्टी यांनी विवराचा आणि खाराचा शास्त्रीय अभ्यास केला. पण तोवर बाजार फिरला होता. फ्रान्समध्ये 1791 साली लब्लांने मिठापासून सोडा करण्याची कृती शोधली, 1860 च्या दशकात बेल्जियमच्या सॉल्व्हेने त्याहून स्वस्त कृती काढली. कारखान्यातला सोडा पोत्यांनी येऊ लागल्यावर चिखलात उतरून खार काढण्यात काय राम राहणार? अबुल फजलने ज्याची मिळकत नोंदवली, तो धंदा मागे पडला. दल्ला, खुप्पल ही नावे नोंदींपुरती उरली.

खार मात्र तळ्यातच राहिला आणि तो काय करू शकतो हे त्याने 2020 च्या जूनमध्ये दाखवले. टाळेबंदीचे दिवस होते आणि लोणारचे हिरवे पाणी एकाएकी गुलाबी झाले. कुणी चमत्कार म्हटले, कुणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. आटलेल्या पाण्यात क्षारांची दाटी वाढली होती, उष्मा वाढला होता आणि अशाच खारटपणात फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव उदंड झाले होते. गुलाबी रंग त्यांचा. हे जीव बाहेरून कुणी आणून टाकले नव्हते. पाणी दाट झाले, त्यांचे दिवस आले. पाऊस पडला, पाणी पातळ झाले, रंग ओसरला. शेवटी सजीव म्हणजेही हजारो अभिक्रियांचा मेळ. दाटी बदलली की कोण जगेल आणि कोण मागे पडेल, याचाही निकाल बदलतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचा समावेश रामसर पाणथळींच्या यादीत झाल्याचे जाहीर झाले.

त्यानंतर बातम्यांची दिशा उलटी झाली. अलीकडच्या वर्षांत सरोवराची पातळी वाढत गेली, काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पाणी चढले. ज्या पाण्यात मासा तग धरत नाही असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, त्यात मासे दिसल्याचे वृत्त आले. पाण्याचा सामू उतरत असल्याचे अभ्यासक सांगतात. पाऊस, झरे, भूजल, वस्तीतून वाहून येणारे पाणी अशी वेगवेगळी कारणे त्यामागे सांगितली जातात.

सामू हा शब्द आपल्या शेतकऱ्यांना माती परीक्षणामुळे ठाऊक आहे. 1909 साली डेन्मार्कच्या सोरेनसनने हे माप काढले. तेही संहतीचेच माप. त्याची गंमत अशी की सामू एका आकड्याने उतरला तर क्षारपण थोडे उतरत नाही, ते दहापटीने उतरते. साडेदहाचा साडेनऊ झाला, हे ऐकायला पावशेराचा फरक वाटतो. पाण्यातल्या जिवांसाठी ते दुसरे तळे झालेले असते.

पाणी वाढले तर बिघडले कुठे, असे कुणी विचारेल. आमच्या दुष्काळी भागात तळे भरणे ही आनंदाचीच बातमी असते. मासे आले, तेही चांगलेच दिसते. पण इथे गुरुजींच्या दोन नळ्या आठवाव्यात. लोणारमध्ये जे सूक्ष्मजीव आहेत, ते या खारटपणाच्या आणि क्षारपणाच्या एका ठरावीक दाटीला धरून आहेत. त्यांच्या अभ्यासासाठी दूरदूरचे संशोधक इथे येतात. पाणी घालून कुणी त्यांना मारत नाही. खारही कुणी चोरून नेत नाही. तो तळ्यात जवळपास तेवढाच असतो. फक्त तो पसरतो. त्याची दाटी जाते आणि दाटीबरोबर तळ्याचे तळेपण जाते. मूठ तीच, पण आता ती विहिरीत पडलेली.

म्हणून लोणार जपायचे म्हणजे नुसते कुंपण घालणे, देवळांची डागडुजी करणे आणि पाटी लावणे नव्हे. आत येणाऱ्या आणि उडून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब ठेवावा लागेल. पावसाळ्याआधी आणि नंतर, दरवर्षी, त्याच जागी, त्याच खोलीवर पाणी मोजावे लागेल. वस्तीचे सांडपाणी विवरात येऊ नये याची काळजी घ्यावी लागेल. विल्हेल्मी घड्याळ घेऊन साखरेच्या पाण्यापुढे बसला, तसे कुणीतरी या तळ्यापुढे बसले पाहिजे. आपल्या बुलढाण्याच्या महाविद्यालयांतल्या मुलांना यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार?

बर्थोले लोणारला आला नाही. त्याला नाईलपलीकडचे खारे तळे भेटले आणि त्याने त्याला नीट प्रश्न विचारला. आपल्या घराशेजारचे तळे तोच धडा शेकडो वर्षे देत आहे. पुढच्या वेळी उतरलात तर गोमुखाच्या धारेचे पाणी प्या, मग खाली जाऊन एक बोट तळ्यात बुडवून चव पाहा. दोन्ही चवींतला फरक नीट लक्षात ठेवा. उद्या तो फरक कमी झालेला आढळला, तर सांगायला कुणीतरी साक्षीदार हवा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)